दोन लाख चाळीस हजारांची रेषा: अमेरिकेतले बेरोजगारी अर्ज आणि पुण्यातल्या एका बॅचचं जॉइनिंग

हे प्रकरण 2023 च्या एप्रिल ते जुलै या महिन्यांतलं आहे. कंपनी हिंजवडीतली, मध्यम आकाराची, अमेरिकन बँका आणि विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर सांभाळणारी. कंपनीची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून आतले तपशील बदलले आहेत. अमेरिकेतले आकडे मात्र त्या त्या गुरुवारी जाहीर झाले तसेच दिले आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरी गेलेला माणूस आपल्या राज्याच्या कार्यालयाकडे बेरोजगारी विम्यासाठी अर्ज करतो. ही योजना 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून उभी राहिली. पैसा मुख्यतः मालकांवरच्या करातून येतो आणि कारभार राज्यांकडे असतो. प्रत्येक राज्य आठवड्याभरात आलेल्या नव्या अर्जांची संख्या केंद्रीय कामगार खात्याला कळवतं. खातं ती एकत्र करून दर गुरुवारी सकाळी साडेआठला जाहीर करतं. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. आधीच्या शनिवारी संपलेल्या आठवड्याचा आकडा गुरुवारी हातात पडतो. अर्थव्यवस्थेबद्दलची इतकी ताजी अधिकृत माहिती दुसरीकडे मिळत नाही, म्हणून जगभरची माणसं त्याकडे डोळे लावून बसतात.

या कंपनीनेही ते 2020 मध्ये पाहिलं होतं. त्या मार्चमध्ये दोन-पावणेतीन लाखांच्या घरात फिरणारा आकडा पाहता पाहता साठ लाखांवर गेला. मासिक बेरोजगारीचे आकडे यायच्या कितीतरी आधी या आकड्याने काय घडतंय ते सांगितलं होतं. त्या अनुभवातून 2022 च्या सप्टेंबरअखेरीस कंपनीत एक नियम ठरला: नव्या अर्जांची चार आठवड्यांची सरासरी 2,40,000 च्या वर गेली, तर कॅम्पसमधून घेतलेल्या पुढच्या बॅचचं जॉइनिंग एक तिमाही पुढे ढकलायचं.

नियमामागचा विचार समजण्यासारखा होता. अमेरिकेत माणसं कमी व्हायला लागली की बँका आधी नवे प्रकल्प थांबवतात. मग इथे बेंचवर, म्हणजे हातात प्रकल्प नसताना, बसलेल्यांचा पगार अंगावर येतो. त्या वर्षी अनेक कंपन्यांनी फ्रेशर्सना ऑफर लेटर देऊन महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं होतं. ती वेळ आपल्यावर येऊ नये, निर्णय तारखेच्या बऱ्याच आधी व्हावा, अशी वित्तप्रमुख मॅडमची मनापासून इच्छा होती. नियम लिहिताना सरासरी दोन लाखांच्या आसपास होती. 2,40,000 ची रेषा तेव्हा बरीच दूर वाटत होती.

अडचण पहिली: 6 एप्रिल

30 मार्चला जाहीर झालेली चार आठवड्यांची सरासरी होती 1,98,250. पुढच्या गुरुवारी, 6 एप्रिलला, त्याच आठवड्याची तीच सरासरी 2,42,000 म्हणून छापून आली. साप्ताहिक आकडाही 1,98,000 वरून 2,46,000 झाला होता. अमेरिकेत त्या सात दिवसांत काहीच घडलं नव्हतं. बदलली होती ती हंगामी दुरुस्तीची पद्धत.

हे थोडं सविस्तर सांगायला हवं. नाताळ उलटल्यावर दुकानं तात्पुरती माणसं कमी करतात. जुलैत मोटारींचे कारखाने नव्या मॉडेलच्या तयारीसाठी बंद राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांमधले कर्मचारी घरी बसतात. अशा दरवर्षीच्या चढउतारांमुळे मूळ आकडा उगाच वरखाली होतो. म्हणून प्रत्येक आठवड्यासाठी एक गुणक काढून तो चढउतार वजा केला जातो आणि बातमीत येतो तो हा दुरुस्त आकडा. 2020 च्या वसंतात मात्र कोविडच्या महामारीत अर्ज इतके वाढले की हे गणितच बिघडलं. आकडा वीसपट झाला तर गुणकाने होणारी दुरुस्तीही वीसपट होते. त्यामुळे 2020 च्या ऑगस्टअखेरपासून खात्याने गुणण्याऐवजी ठरावीक संख्या मिळवण्या-वजा करण्याची पद्धत धरली. 2023 च्या एप्रिलमध्ये वार्षिक फेरआढावा झाला, महामारीचा काळ वेगळा काढला गेला आणि सर्वसाधारण काळासाठी गुणकाची पद्धत पुन्हा लागू झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये जे आकडे दोन लाखांच्या खाली दिसत होते, ते सगळे एका सकाळी वर सरकले.

कंपनी हे आकडे ज्या डॅशबोर्डवर बघायची, त्यावर याचा परिणाम विचित्र दिसला. आदल्या आठवड्याची सरासरी मागे जाऊन रेषेच्या वर बसली होती आणि चालू आठवड्याची सरासरी, 2,37,750, रेषेच्या खाली होती. नव्या मालिकेत दिशा उतरती होती, कारण ताजा आकडा 2,28,000 होता. नियम लागू झाला की नाही, यावर दोन मतं पडली. मनुष्यबळाचं काम बघणारे सर म्हणाले, "आजचा आकडा खाली आहे ना? मग पुढे चला." आणि विषय तिथेच संपला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता आणि तो कोणालाही महत्त्वाचा वाटला नाही. 2,40,000 ही रेषा जुन्या पद्धतीच्या दोन लाखांशी तुलना करून आखलेली होती. म्हणजे नेहमीच्या पातळीपेक्षा पाचवा हिस्सा वाढ झाली तर घंटा वाजावी, असा तिचा अर्थ होता. नव्या मालिकेत नेहमीची पातळीच 2,40,000 च्या आसपास आली. मालिका बदलली तशी रेषाही त्याच दिवशी पुन्हा आखायला हवी होती. तसं न झाल्याने पुढचा महिनाभर सरासरी रेषेला चिकटून चालत राहिली: 2,40,000, मग 2,39,750, मग 2,36,000, मग 2,39,250. दर गुरुवारी संध्याकाळी कोणाचं तरी काळीज धडधडे आणि त्यात अमेरिकेची काहीच बातमी नसे.

अडचण दुसरी: 11 मे

11 मेच्या गुरुवारी आकडा आला 2,64,000. आदल्या आठवड्यापेक्षा 22,000 जास्त, आणि 2021 च्या ऑक्टोबरनंतरचा सर्वांत मोठा. सरासरी 2,45,250 झाली. रेषा ओलांडली गेली.

वातावरण आधीच गढूळ होतं. मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली होती, 1 मेला फर्स्ट रिपब्लिकही जेपी मॉर्गनच्या ताब्यात गेली होती आणि 3 मेला फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर पुन्हा वाढवले होते. कंपनीचे दोन क्लायंट प्रादेशिक बँकाच होत्या. भर म्हणून बैठकीतल्या जवळपास प्रत्येकाकडे कोणाची ना कोणाची गोष्ट होती. सरांच्या न्यू जर्सीतल्या मावसभावाला जानेवारीत काढलं होतं, एच-1बी व्हिसावर असल्याने नवी नोकरी शोधायला मिळणारी त्याची साठ दिवसांची मुदत संपत आली तेव्हा कुठे दुसरी नोकरी मिळाली. गूगलने 12,000 आणि मेटाने आणखी 10,000 माणसं कमी करण्याचं जाहीर केल्याला फार दिवस झाले नव्हते. 2,64,000 हा आकडा या सगळ्या भीतीला मिळालेला पुरावा वाटला.

विश्लेषणाचं काम करणाऱ्या मुलीने त्या रात्री खात्याच्या पत्रकातला राज्यवार तक्ता उघडला. हा तक्ता हंगामी दुरुस्ती न केलेल्या आकड्यांचा असतो आणि फार थोडे लोक तिथपर्यंत जातात. सर्वांत मोठी वाढ मॅसॅच्युसेट्सची होती, सहा हजारांवर. अमेरिकेच्या लोकसंख्येत या राज्याचा वाटा जेमतेम 2 टक्के. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क ही मोठी राज्यं मागे आणि हे छोटं राज्य पुढे, तेही तिथे कुठल्या मोठ्या कपातीची बातमी नसताना. शुक्रवारी सकाळी तिने टिपणात एक ओळ लिहिली: "मॅसॅच्युसेट्सचा आकडा संशयास्पद, खात्री होईपर्यंत निर्णय थांबवावा."

तिचा संशय बरोबर होता. चोरलेल्या ओळखीवर खोटे अर्ज भरणाऱ्यांनी त्या राज्याच्या यंत्रणेला लक्ष्य केलं होतं आणि राज्याच्या खात्याने तसं सांगितलंही. अर्ज खोटा असला, त्यावर एक डॉलरही दिला गेला नाही, तरी आलेला अर्ज म्हणून तो मोजला जातो. केंद्रीय पत्रकात राज्यांची स्पष्टीकरणं असतात, पण ती एक आठवडा उशिराने येतात. म्हणजे आकडा ज्या दिवशी धक्का देतो, त्या दिवशी त्याचं कारण पत्रकात नसतं.

समोरचे पर्याय

जुलैच्या बॅचला पत्रं पाठवायची वेळ मेच्या मध्याला येत होती. मुलं सांगली, लातूर, जळगावकडची. वाकड किंवा मारुंजीत खोली बघायची, डिपॉझिटचे पैसे उभे करायचे, कोणी एमसीएची जागा सोडायची की नाही ते ठरवायचं. यासाठी त्यांना सहा-सात आठवडे तरी हवेत, हे सगळ्यांना मान्य होतं. म्हणूनच थांबायला जागा कमी होती.

पहिला पर्याय नियम पाळण्याचा: पूर्ण बॅच ऑक्टोबरवर. याच्या बाजूने मॅडमचा युक्तिवाद होता की नियम शांत डोक्याने केलेला असतो आणि अडचणीच्या दिवशी तो मोडायला कारण नेहमीच सापडतं. मला हा युक्तिवाद आजही हलका वाटत नाही. दुसरा पर्याय, आकड्याकडे दुर्लक्ष करून सगळ्यांना जुलैत बोलवायचं. तिसरा, दोन आठवडे थांबायचं. तोवर मॅसॅच्युसेट्सचं स्पष्टीकरण येईल आणि आणखी दोन गुरुवार हातात असतील. चौथा, बॅच विभागायची: विमा कंपन्यांच्या कामाला लागणारे जुलैत, बँकांच्या कामाला लागणारे ऑक्टोबरमध्ये.

तिसऱ्या पर्यायावर सर्वांत कमी बोललं गेलं. "एक राज्य अख्ख्या देशाचा आकडा हलवतं का?" असा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर त्या मुलीकडे तयार नव्हतं. उत्तर होतं: हलवतं, नव्या अर्जांच्या बाबतीत सहज हलवतं. दोन-अडीच लाखांच्या बेरजेत एका राज्यातून काही हजार जास्त आले की बातमी होते. मजुरांच्या एकूण संख्येपुढे हा आकडा लहान असतो, म्हणूनच तो इतका संवेदनशील आहे.

आणखी एक प्रश्न बैठकीत कोणीच विचारला नाही: या आकड्याचा आपल्या धंद्याशी संबंध आहे तरी किती? नवे अर्ज काढून टाकलेल्यांची गती दाखवतात. कंपन्या नवी भरती थांबवत असतील, प्रकल्प गोठवत असतील, पण असलेली माणसं ठेवत असतील, तर हा आकडा शांत राहतो. 2023 मध्ये बऱ्याच अंशी तेच चाललं होतं. शिवाय मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांतून गेलेल्यांना काही महिन्यांचा पगार एकरकमी मिळतो, त्यामुळे अनेक राज्यांत त्यांचा अर्ज उशिरा येतो, काहींचा येतच नाही. सरांच्या मावसभावाची नोकरी जाणं आणि 2,64,000 हा आकडा, यांचा एकमेकांशी जवळपास काही संबंध नव्हता. ज्यांना हे जोडलेलं वाटलं त्यांची भीती खरी होती, पण तिचा पुरावा हा आकडा नव्हता.

काय केलं

चौथा पर्याय निवडला गेला. 15 मेच्या आठवड्यात अर्ध्या मुलांना जुलैची पत्रं गेली, अर्ध्यांना ऑक्टोबरची. विश्लेषकाची ओळ इतिवृत्तात राहिली, निर्णयात आली नाही.

18 मेला आकडा 2,42,000 वर उतरला. सरासरी तरीही 2,44,250, कारण फुगलेला आठवडा तिच्यात बसलेला होता. चार आठवड्यांची सरासरी एका आठवड्याचा धक्का सौम्य करते हे खरं, पण तोच धक्का ती चार आठवडे वाहूनही नेते. 25 मेला मॅसॅच्युसेट्सची दुरुस्ती आली. आदल्या आठवड्याचे 2,42,000 आता 2,25,000 झाले, त्याआधीचा फुगवटाही उतरला, ताजा आकडा 2,29,000 आणि सरासरी 2,31,750. दुरुस्त आकडे घेऊन मागे गणित केलं तर मे महिन्यात रेषा एकदाही ओलांडली गेली नव्हती.

त्या दिवशी मॅडमनी केलेली गोष्ट मला आवडली. त्यांनी त्याच संध्याकाळी बैठक बोलावली, विश्लेषकाला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "तू त्या दिवशी काय पाहिलंस ते सगळ्यांना नीट सांग. मला ऐकायचंय." ऑक्टोबरवर गेलेल्या मुलांना जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन केले गेले: हवं असेल तर जुलैत या.

निकाल

बरीच मुलं आली. सगळी आली नाहीत. काहींनी मधल्या काळात दुसरीकडे कमी पगारावर होकार दिला होता, काहींनी पुढच्या शिक्षणाची फी भरली होती. एकाने फोनवर सांगितलं, "सर, घरी एकदा सांगितलं ऑक्टोबर, आता पुन्हा जुलै कसं सांगू? बाबांनी म्हटलं कंपनीवर भरवसा नाही." त्या मुलाच्या जागेवर नंतर जास्त पगाराने अनुभवी माणूस घ्यावा लागला.

जूनमध्ये आकड्याने खरी परीक्षा घेतली. 8 जूनला 2,61,000, मग 2,62,000, मग 2,64,000. 22 जूनची सरासरी 2,55,750. या वेळी रेषा निर्विवाद ओलांडली होती. पण आता राज्यवार तक्ता आधी उघडला गेला. वाढ ओहायो, कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात जास्त दिसत होती. मिनेसोटाचं कारण तर थेट कायद्यात होतं: त्या राज्याने नुकताच शाळांमधल्या तासिका पगारावरच्या कर्मचाऱ्यांना उन्हाळी सुट्टीत हा विमा लागू केला होता, म्हणजे आधी ज्यांना अर्जच करता येत नव्हता ते अर्ज करू लागले. ओहायोतल्या उसळीत खरं किती आणि खोटं किती, याचा उलगडा पटकन होईना. चालू अर्ज, म्हणजे आधीपासून विमा घेत असलेल्यांची संख्या, 18 लाखांच्या आसपासच होती. माणसं मोठ्या प्रमाणावर कामाविना अडकून पडत असती तर ती वाढायला हवी होती. मेचा मासिक बेरोजगारी दर 3.4 वरून 3.7 टक्क्यांवर गेला होता, तो जूनमध्ये 3.6 झाला. कंपनीने जुलैचं जॉइनिंग तसंच ठेवलं. जुलैच्या शेवटी साप्ताहिक आकडा 2,21,000 वर आला.

जूनचा निर्णय बरोबर ठरला, पण तो ठरेलच अशी खात्री त्या दिवशी कोणालाही नव्हती. आकडा खरोखर मंदीची चाहूल देत असता, तर बेंचवरच्या मुलांचा भार कंपनीला जड गेला असता. ही जोखीम त्यांनी कळून-सवरून घेतली, मेमध्ये मात्र न कळता घेतली होती. माझ्या लेखी हा फरक मोठा आहे.

काय वेगळं करता आलं असतं

6 एप्रिलला रेषा बदलायला हवी होती, हे वर आलंच आहे. त्याहून बरं म्हणजे रेषा ठरावीक संख्येवर ठेवायचीच नाही. आजची सरासरी गेल्या वर्षभरातल्या नीचांकापेक्षा किती टक्के वर आहे हे बघायचं आणि वर्षभराची मालिका दर वेळी ताज्या दुरुस्तीसह उतरवून घ्यायची. मग खात्याने इतिहास बदलला तरी तुलना एकाच मापाची राहते. कंपनीच्या डॅशबोर्डवर जुन्या आठवड्यांचे आकडे पहिल्या जाहीर स्वरूपातच साठवलेले होते, म्हणजे जुनं माप आणि नवं माप एकाच आलेखावर. ही चूक मी इतरही अनेक ठिकाणी पाहिली आहे.

मेमधला दुसरा वळणाचा क्षण म्हणजे थांबण्याची किंमत मोजली न जाणं. दोन आठवडे थांबलं असतं तर मुलांना तयारीला सहाऐवजी चार आठवडे मिळाले असते. त्रास झाला असता, पण तारीख एकदाच कळली असती. पत्र पाठवून फिरवण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. किंवा पत्रातच खरं लिहायचं: तारीख जुलैची आहे, 1 जूनला पक्की कळवू. असं पत्र पाठवायला कंपनी कचरली, कारण त्यात अनिश्चितता दिसते. मुलांना ती चालली असती. त्यातल्या तिघांनी नंतर तसं सांगितलंही.

खोटे अर्ज आकड्यात शिरणं हा काही एकदाच घडलेला प्रकार नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासमधल्या अशाच खोट्या अर्जांमुळे राष्ट्रीय आकडा पुन्हा 2,63,000 पर्यंत गेला आणि पुढच्याच आठवड्यात कोसळला. त्यामुळे आता कंपनीत एक साधी पद्धत आहे: राष्ट्रीय आकडा उडी मारतो तेव्हा आधी मूळ राज्यवार आकडे, मग चालू अर्ज, मग पुढच्या गुरुवारचं राज्यांचं स्पष्टीकरण. तीनही पाहिल्याशिवाय भरतीच्या बैठकीत तो आकडा मांडायचा नाही.

आणि नियमात एक नवी अट जोडली आहे, जी त्या विश्लेषकानेच सुचवली. नव्या अर्जांचा आकडा एकट्याने कोणाचं जॉइनिंग पुढे ढकलू शकत नाही. त्याच्या जोडीला कंपनीच्या स्वतःच्या क्लायंटपैकी किमान एकाने काम थांबवल्याचं किंवा कमी केल्याचं लेखी आलेलं असावं लागतं. 2023 च्या मेमध्ये असं एकही पत्र आलेलं नव्हतं.